जैनबआपा, तहसीलच्या बाबूची चूक नव्हती

आपा, तुला माती दिली त्या दिवशी तहसीलचा तो बाबूही आला होता. ज्याचं नाव निघालं की तू तोंड फिरवायचीस, तोच. आता रिटायर झालाय, वसमतला घर बांधलंय, गुडघ्यांनी बेजार आहे. तरी स्कूटर काढून आला, चपला बाजूला काढल्या, रांगेत उभा राहिला आणि तीन मुठी माती टाकली. परत निघताना माझ्याजवळ थांबून म्हणाला, "किसनराव, आपा माझ्यावर इतक्या नाराज काहून होत्या, शेवटपर्यंत कळलं न्हाई बघा." मी म्हणालो, "वय झालं होतं." हे उत्तर मी त्याला याआधीही दोनदा दिलेलं आहे.

त्याला आज अकरा दिवस झाले. मी रोज सकाळी ओसरीवरचं पोस्ट उघडतो, शिक्क्यातली तारीख बदलतो, थैलीची वाट बघतो. साठीला टेकलोय, थकायचंच, असं घरचे म्हणतात. पण हा थकवा कामाचा नाही. एक गोष्ट तुझ्यापासून पाच वर्षं लपवली आणि तुझ्याच समोर बसून तुझी पत्रं लिहिली, त्याचा हा थकवा आहे. ती गोष्ट आता सांगतो. तू मधेच उठून जाऊ शकत नाहीस, एवढाच माझा फायदा.

बाजार करून येताना तू बांगड्यांची पेटी माझ्या ओसरीवर उतरवायचीस आणि पाणी मागायच्या आधी विचारायचीस, "कराचीचं काही?" बहुतेक वेळा नसायचं. तरी तू बसायचीस, आमच्या बंजारा तांड्यातल्या बायका हात पुढे करायच्या, बांगड्या भरता भरता तुझं तोंड चालायचं. तुझा मोठा भाऊ युसूफभाई पोलीस अ‍ॅक्शननंतर मामाबरोबर कराचीला गेला तेव्हा तो सोळा वर्षांचा आणि तू आठ. गावातल्या शाळेत तो चौथीपर्यंत मराठी शिकलेला, म्हणून तुमचं सगळं मराठीत चालायचं. तो कराचीत सायकली दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी दुकानात बसून माझ्या अक्षरातलं तुझं बोलणं वाचायचा. त्याच्या घरात ती लिपी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. "नातवंडं म्हणतात, दादा नक्षी वाचतात," असं त्यानं एकदा लिहिलं होतं. ते मी तुला वाचून दाखवलं तेव्हा तू हसता हसता डोळे पुसलेस.

पत्राला महिना, दीड महिना लागायचा. पाकीट कुठंतरी फोडून पुन्हा चिकटवलेलं असायचं. मी म्हणायचो, सांभाळून लिहू या, मधे वाचतात. तर तू मला लिहायला लावलंस, "हे पत्र मधी जो कोणी वाचत असंल त्यालाबी सलाम, त्याच्या लेकराबाळांना दुवा." पुढं प्रत्येक पत्राच्या शेवटी ती ओळ आली. मला हसू यायचं, पण खरं सांगायचं तर त्या ओळीनंतर पत्रं जरा लवकर पोचायला लागली, असं मला उगाच वाटायचं.

तुझं मागणं एकच होतं. तुमची अम्मा बहात्तरच्या दुष्काळात गेली. जाताना तिनं तुझ्याकडून कबूल करून घेतलं की युसूफला एकदा तिच्या मातीपाशी आणायचं. तू तिला जबान दिलीस. पुढची सगळी वर्षं तू त्या जबानीसाठी धावलीस, आणि माझ्या हाती लेखणी होती म्हणून मीही तुझ्यामागं आलो.

आपलं भांडण मात्र जुनं होतं. तू म्हणायचीस, दोन सरकारं आज ना उद्या ठिकाणावर येतील. मी म्हणायचो, येणार नाहीत. तू म्हणायचीस, "दोन जावा हायेत रे त्या. चूल येगळी केली, पन आड एकच ऱ्हायला. भांडतेत बी त्याच्यापाशी आन् बोलतेत बी त्याच्यापाशीच." मग मला डिवचायचीस, "तुझे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून कुठकुठल्या मुलखात जायचे. त्यांना कोण इचारत व्हतं रे व्हिसा? आन् त्यांचा नातू मला कायदा सांगून राहिला." यावर मी खाली मान घालून शिक्के मारायला लागायचो.

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत बस लाहोरला गेली तेव्हा तू आमच्या घरी येऊन टीव्हीसमोर मांडी घालून बसलीस. दोन्हीकडचे मोठे लोक गळ्यात गळे घालत होते. तू म्हणालीस, "बघ." मी म्हणालो, "फोटोसाठी असतं गं ते." तू म्हणालीस, "असू दे की. फोटोसाठी का व्हईना, दार तर उघडलं." पुढच्याच महिन्यात मी युसूफभाईच्या व्हिसाचा फॉर्म भरला. बोलावणाऱ्याचं नाव, पत्ता, कुठं राहणार, किती दिवस. तालुका वसमत, जिल्हा परभणी. खाली कार्बन ठेवून एक नक्कल काढली आणि ट्रंकेत टाकली. पोस्टातला माणूस नक्कल ठेवल्याशिवाय कागद सोडत नाही, आणि मला त्या सवयीचा अभिमान होता.

एक मेला हिंगोली जिल्हा झाला. तुला आठवत असेल, गावात फटाके वाजले, मी स्वतः पेढे वाटले. दर कामाला परभणी गाठायची कटकट गेली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं होतं. तू एक पेढा खाल्लास, दुसरा पदराला बांधलास आणि विचारलंस, "म्हणजे आता आपुन कुठले?" मी म्हणालो, "हिंगोलीचे." तू म्हणालीस, "एका दिवसात?" महिना संपायच्या आत टीव्हीवर कारगिल सुरू झालं. फॉर्मचं काय झालं ते कुणी कळवलं नाही आणि विचारायची तोंडं आपल्याला राहिली नाहीत.

त्या दिवसांतलं एक माझ्या अंगाला अजून चिकटून आहे. माझा पुतण्या फौजेत होता आणि तीन आठवडे त्याचं पत्र नव्हतं. गावभर पत्रं वाटणारा मी, आणि माझ्याच भावाच्या घरी द्यायला कागद नाही. तू नेहमीसारखी आलीस आणि विचारलंस, "कराचीचं काही?" ओसरीवर चार माणसं बसली होती. मी म्हणालो, "तुझ्या भावाच्या देशाला इचार, काय चालवलंय ते." तू पेटी पुन्हा डोक्यावर घेतलीस. दारापर्यंत जाऊन वळलीस आणि अगदी हळू म्हणालीस, "भावाचा देश? त्यानं केला का तो? तो तिथं पंक्चर काढतो, किसन."

दोन महिने तू माझ्या दारात आली नाहीस. मला वाटलं, बांगड्याही आता दुसरीकडं भरशील. पुढं पुतण्या सुखरूप घरी आला तेव्हा वहिनी सहज बोलून गेली की तू दर आठवड्याला मागच्या वाटेनं तांड्यात यायचीस आणि पोराचं पत्र आलं का, एवढं विचारून परत जायचीस. माझ्याशी अबोला धरून तू माझ्याच घरातल्या पोराची वाट बघत होतीस. हे कळल्यावर मी तुझ्याकडं येऊन माफी मागायला हवी होती. मी वाट बघत बसलो. शेवटी तूच एक दिवस आलीस, टेबलावर पाकीट आपटलंस आणि म्हणालीस, "वजन कर." मी केलं. आपलं मिटलं, पण माझ्या तोंडून माफीचे शब्द निघाले नाहीत ते निघालेच नाहीत.

मग आग्र्याची बैठक झाली, तू पुन्हा नवीन पातळ नेसून टीव्हीसमोर बसलीस. वर्ष सरता सरता दिल्लीत संसदेवर हल्ला झाला आणि गाड्या, विमानं, सगळंच बंद. फौजा सीमेवर वर्षभर उभ्या राहिल्या. तू मला म्हणालीस, "हे बरंय. आमच्या घरात लगीन ठरलं की यांच्या घरात सुतक." तुझ्या आवाजात तेव्हा पहिल्यांदा राग नव्हता, नुसता कंटाळा होता. मी तो ओळखला, कारण मला तो आधीपासून होता.

दोन हजार चारला गाड्या सुरू झाल्या. युसूफभाईचं पत्र आलं, "आता सत्तरी झाली, या वेळी नाही जमलं तर राहिलंच." तू तेच पत्र घेऊन सात वेळा आलीस. मी ट्रंक उघडली, पाच वर्षांपूर्वीची कार्बन नक्कल काढली, टेबलावर सरळ केली आणि नवीन फॉर्म त्या नकलेवरून ओळीनं उतरवला.

झालं ते इथं झालं, आपा. तालुका वसमत, जिल्हा परभणी. जाण्याचं ठिकाण, जिल्हा परभणी. माझ्या हातानं, माझ्या सुवाच्य इंग्रजी अक्षरात. ज्या जिल्ह्याचे पेढे मी वाटले होते त्याचं नावच मला आठवलं नाही. कारण द्यायचं तर देता येतं. आमच्या खात्याची मोठी कचेरी तेव्हाही परभणीलाच होती, थैलीच्या चिठ्ठीवर रोज परभणीच दिसायचं. घर हिंगोलीत गेलं तरी हात परभणीतच राहिला. पण ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की आता मलाही ती ऐकवत नाहीत.

कागद घेऊन आपण तहसीलला गेलो. बाबूनं माझं तोंड पाहिलं, म्हणाला, "किसनरावांनी भरला म्हणजे बराबरच असंल," आणि वाचायची तसदी न घेता शिक्क्यासाठी साहेबाकडं पुढं केला. त्याचा गुन्हा एवढाच, की त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

आणि खरंच व्हिसा मिळाला. पंधरा दिवसांचा. थंडीचे दिवस होते, परभणीच्या स्टेशनवर तू पहाटेपासून उभी होतीस. चोपन्न वर्षांनी भाऊ कसा ओळखायचा याची तुला काळजी नव्हती. गाडी थांबली, म्हातारा उतरला, तू लांबूनच म्हणालीस, "ते बघ, अम्माचे कान." त्यानं तुला विचारलं, "तकलीफ तर न्हाई झाली गं यायाला?" तिकडून इतका लांबून आलेला माणूस, आणि तास-दीड तासाच्या एसटीनं आलेल्या बहिणीला विचारतोय. तो आमच्या आजोबांच्या वेळची मराठी बोलत होता. आपल्याकडं आता तशी कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी लावायला पोलिसांच्या कचेरीत गेलो. तिथला हवालदार पोक्त माणूस होता, त्यानं युसूफभाईला खुर्ची दिली, चहा सांगितला. कागद पाहता पाहता त्याची बोटं थांबली. "बाबा, तुमचं गाव वसमत तालुक्यात ना? तो तर हिंगोलीत गेला. व्हिसा परभणीचा हाय, त्या जिल्ह्याभायेर जाता येत न्हाई." तू म्हणालीस, "एकच की वो. इथून डोळा लागायच्या आत गाव येतं." तो म्हणाला, "मावशी, मी जा म्हटलं असतं. कागद न्हाई म्हणतो." आणि त्यानं माझ्या समोर तो फॉर्म सरकवला.

माझं अक्षर मी ओळखलं. तुला इंग्रजी येत नव्हतं. तू माझ्याकडं वळून विचारलंस, "कुणी केलं हे?" मी म्हणालो, "तहसीलात झालं असंल."

चार शब्दही नव्हते पुरते. बाहेर येईपर्यंत तू त्या बाबूच्या सात पिढ्या उद्धरल्यास आणि मी तुझ्या बाजूनं मान हलवत होतो.

हवालदारानं सांगितलं तसा वर अर्ज पाठवला, गावाचं नाव वाढवून द्या म्हणून. पंधरा दिवसांत त्याचं उत्तर येण्यासारखं नव्हतं, ते आलं नाही. परभणीत तुझ्या नणंदेच्या घरी तुम्ही दोघं दिवसभर बोलत बसायचात. एकदा तू म्हणालीस, "बुरखा घालून नेते तुला, कोण बघतंय." तो पोट धरून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "धरलं तर तुला तरास व्हईल, आन् मला परत कवाच येऊ देणार न्हाईत. फुडच्या साली बराबर कागदावर येतो." पुढचं साल आपल्या हातात आहे असं तेव्हा तिघांनाही वाटत होतं.

जायच्या दोन दिवस आधी त्यानं हट्ट धरला की परभणी जिथं संपते तिथपर्यंत तरी न्या. जीप करून गेलो. रस्त्याच्या कडेला जिल्ह्याची पाटी होती. तो खाली उतरला आणि एकेक अक्षर लावून वाचायला लागला, "हिं-गो-ली जिल्ह्यात... आपले... स्वागत आहे." वाचून झाल्यावर तो पाटीच्या अलीकडंच उभा राहिला. तू मात्र चालत गेलीस, पाटी ओलांडून पंधरा-वीस पावलं, मग वळलीस आणि हात पुढं करून म्हणालीस, "ये की, भाई." रस्त्यावर कुणी नव्हतं, दोन्ही बाजूंना तूर उभी होती. त्यानं चप्पल काढली आणि आहे तिथंच, गावाच्या दिशेला तोंड करून, दुवा मागितली. तू खूप वेळ हात तसाच धरलास. मी जीपच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो, मला तुम्हा दोघांकडं बघवत नव्हतं.

तेव्हा सांगता आलं असतं. जीपमध्ये, परत येताना, तुम्ही दोघं समोर असताना. मी ड्रायव्हरशी हळदीच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

पुढच्या साली त्याची तब्येत बिघडली, त्याच्या पुढच्या साली त्याची बायको गेली. मग मुंबईत ते तीन दिवस झाले आणि व्हिसाचं नाव काढायची सोय उरली नाही. तू पत्रं सांगत राहिलीस, मी लिहीत राहिलो. दर पत्रात तू बाबूला एक तरी शिवी द्यायचीस आणि मी ती गाळायचो. तू विचारायचीस, "लिहिलं ना?" मी म्हणायचो, "लिहिलं." तुझा रेशनचा कागद अडला तरी तू तहसीलच्या त्या खिडकीशी गेली नाहीस, पोराला पाठवलंस. मला वाटायचं, तुझ्या मनातला तो बाबू एक दिवस आपोआप मावळेल. तो मावळला नाही. शेवटच्या आठवड्यात ताप असताना तू मला म्हणालीस, "अम्मा इचारंल, आणला का. मी काय सांगू तिला?" मी तुझा हात धरला होता. तोंड उघडलं आणि म्हणालो, "झोप आता."

आपा, मला भीती तुझ्या शिव्यांची नव्हती. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. कारगिलच्या वेळेसारखी तू पेटी उचलून हळूच काहीतरी बोलली असतीस आणि परत आली नसतीस, ही भीती होती. गावात इतकी माणसं आहेत, पण माझ्याशी असं भांडणारं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. म्हणून मी तुला खोट्यावर ठेवलं. त्या बिचाऱ्या बाबूकडंही जायला हवं. अजून गेलेलो नाही.

काल दुपारी तुझ्या पोराच्या मोबाइलवर कराचीहून फोन आला. त्यानं तो माझ्याकडं आणून दिला, म्हणाला, "मामू तुमालाच मागतेत." युसूफभाईचा आवाज पार बारीक झालाय. त्यानं विचारलं, तुला कुठं ठेवलं. मी सांगितलं, अम्माच्या डाव्या हाताला, लिंबाच्या बाजूनं. तो म्हणाला, सावली येते का तिथं. मी म्हणालो, दुपारनंतर येते. तेव्हा मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

मी म्हणालो, "युसूफभाई, तुमच्या व्हिसावर परभणी पडलं ते माझ्यामुळं. तहसीलची चूक नव्हती. फॉर्म मी भरला होता."

मग म्हातारा म्हणाला, "ठावं हाय मला. कचेरीत कागद बघितला तवाच कळलं. इतकी वरसं पाकिटं येतेत तुझ्या हातची. पत्त्याचं अक्षर वळखत न्हाई व्हय मी?"

"मग आपाला काहून सांगितलं न्हाई?"

"ती तुझ्याशी बोलली नसती, किसन. मग पत्रं कोण लिहिणार व्हतं?"

फोन ठेवला तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. मी भीतीपोटी गप्प होतो, तो पत्रांपोटी. पाच वर्षं इकडून मी आणि तिकडून तो, एकमेकांना काही न विचारता एकाच गोष्टीवर ठाम राहिलो. या दोन मुलखांचं इतकं पक्कं एकमत मी दुसरं पाहिलं नाही. आणि आपा, जिनं मरत्या आईला जबान दिली होती, तिला आम्ही दोघांनीही विचारलं नाही.